कृष्णधवल एंटरप्राइज

'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळमालिकेतले डॉक्टर मॅकॉय रुग्णाच्या अंगावरून जी चकचकीत उपकरणं फिरवतात, त्यांतली काही मुळात मीठदाण्या आहेत. मालिकेचा जो भाग अमेरिकेत सगळ्यात आधी दाखवला गेला, 8 सप्टेंबर 1966 च्या रात्री, त्यात माणसांच्या अंगातलं मीठ शोषून जगणारा एक प्राणी आहे. त्या भागासाठी मीठदाण्या हव्या होत्या. सामान जमवणाऱ्यांनी बाजार धुंडाळून तेविसाव्या शतकात शोभतील अशा, वेगळ्याच घडणीच्या मीठदाण्या आणल्या. त्या इतक्या वेगळ्या होत्या की यात मीठ असेल असं बघणाऱ्याच्या मनातसुद्धा आलं नसतं. मग चित्रीकरणात साध्याच मीठदाण्या वापरल्या गेल्या आणि आणलेल्या गेल्या डॉक्टरांच्या पेटीत. विकत घेतलेली वस्तू वाया घालवण्याइतका पैसा त्या मंडळींकडे नव्हताच.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण सगळी मालिकाच अशी उभी राहिली. दर आठवड्याला नवा ग्रह दाखवायचा आणि दर आठवड्याला 'एंटरप्राइज' हे एवढं मोठं यान त्यावर उतरवायचं, तर खर्चाचा मेळ बसेना. म्हणून माणसाला यानात विरघळवून थेट ग्रहावर उभं करायची युक्ती निघाली. विरघळताना अंगावर जे कण झगमगतात ती प्रखर उजेडात सोडलेली अॅल्युमिनियमची भुकटी. यानातले दरवाजे माणूस जवळ येताच आपोआप सरकतात, ते मागे उभे असलेले कामगार हातानं ओढत म्हणून. आवाज नंतर जोडलेला. ग्रह म्हणजे स्टुडिओतली तीच जमीन, तेच फायबरचे दगड, फक्त मागच्या आभाळाचा रंग बदललेला. इतक्या तुटपुंज्या सामानावर 79 भाग झाले. जून 1969 मध्ये, माणूस चंद्रावर उतरायला जेमतेम दीड महिना असताना, मालिका बंद पडली.

आमच्यापर्यंत ती पोचली ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. दूरदर्शनवर, रविवारी सकाळी.

आम्ही चंद्रपूरचे. कोळशाचं गाव. खाणीच्या पाळ्यांवर घरातली जेवणं ठरायची, दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यावर संध्याकाळपर्यंत काळी भुकटी बसायची. विज्ञानकथा म्हणजे तोवर वाचनालयातून आणलेली नारळीकरांची पुस्तकं. टीव्ही कृष्णधवल, लाकडी पेटीतला, आणि तोही गल्लीत दोनतीन घरांतच. त्यामुळे रविवारी आमच्या बैठकीत सतरंजी टाकावी लागायची. मालिका इंग्रजीत. आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून, तेव्हा 'धिस इज अ पेन'च्या पुढे आम्ही फारसे गेलो नव्हतो. कॅप्टन कर्क एका दमात जे बोलायचा त्यातलं 'यस' आणि 'नो' तेवढं कळायचं. पण कुणी उठून जात नव्हतं. आजीसुद्धा बसायची, वाती वळत. परग्रहावरून आलेल्या स्पॉकवर तिचा विशेष डोळा. "हा काऊन हासत नाही वं कधी?" ती विचारायची. त्याच्या ग्रहावरच्या लोकांना हसायला चालत नाही, असं मी सांगितलं, तर म्हणाली, "त्याच्या डोळ्यात तर हाय हासू." लिओनार्ड निमॉय या नटाचं अर्धं कौशल्य तिनं भाषा न येता हेरलं होतं. स्पॉकची आई पृथ्वीवरची आहे, त्याच्या आत दोन घरं भांडतात, हे मला कितीतरी उशिरा नीट कळलं.

भाग संपला की खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. शेजारचे काका खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारे, होते, इंग्रजी बरं जाणणारे. ओट्यावर बसून ते आम्हा पोट्ट्यांना गोष्ट सांगायचे. चालू भागात मध्ये बोलायला त्यांना मुळीच आवडायचं नाही, त्यामुळे आधी आम्ही नुसत्या चेहऱ्यांवरून आमची आमची एक गोष्ट रचलेली असायची आणि मग काकांची ऐकायची. दोन्ही कधी जुळायच्या, कधी अजिबात नाही. पुढे मूळ संवाद समजून पाहिले तेव्हा लक्षात आलं की काकाही मोकळ्या जागा स्वतःच्या भरत होते. म्हणजे एकाच रविवारी तीन 'स्टार ट्रेक' होऊन जायचे. हे सुख मला पुढे कुठल्याही मालिकेनं दिलं नाही. आता सगळं खाली मराठी-हिंदी ओळींसकट येतं, कळतं, आणि कळलं की संपतं.

रंगांचंही तसंच. एनबीसी वाहिनीची मालक कंपनी आरसीए अमेरिकेत रंगीत टीव्ही विकत होती, तो रंगीत टीव्हीच्या विक्रीचा ऐन काळ, आणि म्हणून मालिकेत सोनेरी, निळे, लालभडक सदरे, जांभळी आभाळं, हिरवे-नारिंगी दिवे. आमच्यापर्यंत यातलं काहीच आलं नाही. राखाडी रंगाच्या किती छटा असतात तेवढं मात्र आम्हाला पाठ झालं. लाल सदरा घातलेला अनोळखी शिपाई कर्कबरोबर ग्रहावर उतरला की तो मरणार, ही जगभरच्या चाहत्यांची आवडती खूण. आम्हाला ती उपलब्धच नव्हती. आमच्या पडद्यावर सगळ्यांचे सदरे करडे, त्यामुळे कोण मरणार ते शेवटपर्यंत कळायचं नाही. रंगीत प्रत पाहिली तेव्हा मी कितीतरी वेळ फक्त भिंतींकडेच बघत होते.

एक भाग मात्र असा आहे जो आमच्याच टीव्हीसाठी काढला असावा असं वाटतं. जानेवारी 1969 मधला. एका ग्रहाचे शेवटचे दोन रहिवासी यानात येतात. दोघांचाही चेहरा उभा अर्धा काळा, अर्धा पांढरा. एक दुसऱ्याला हीन मानतो, आणि कर्कला त्याचं कारणच कळत नाही. तेव्हा तो चिडून सांगतो की दिसत नाही का, मी उजवीकडून काळा आहे, त्याची सगळी जमात डावीकडून काळी आहे. बाकीच्यांना तोवर तो फरक दिसलेलाच नसतो. बघणाऱ्यालाही दिसलेला नसतो. जातीवरून कोण कुणाच्या विहिरीवर पाणी भरतं ते ठरलेल्या देशात हा प्रसंग समजायला इंग्रजी लागत नाही.

त्या यानाच्या सुकाणूकक्षात कोण कोण बसायचं ते बघा. सुकाणूवर सुलू. जॉर्ज ताकेई हा नट जपानी वंशाचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना कुंपणाआड छावण्यांत डांबलं तेव्हा तो लहान मुलगा होता आणि त्याचं कुटुंब त्यात होतं. त्याच्या शेजारी दुसऱ्या सत्रापासून चेकॉव्ह हा रशियन, आणि तोही शीतयुद्ध ऐन भरात असताना. मागे संदेशयंत्रापाशी लेफ्टनंट उहुरा. 1966 साली अमेरिकी टीव्हीवर कृष्णवर्णीय बाई बहुधा मोलकरीण म्हणून दिसायची. इथं ती अधिकारी होती. तरी संवाद फार नसायचे, म्हणून पहिल्या सत्रानंतर उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडायला निघाल्या होत्या. तेव्हा एका समारंभात मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि म्हणाले की तुम्ही सोडून जाऊ शकत नाही, आमच्या घरी मुलांना बघायची परवानगी असलेल्या मोजक्या कार्यक्रमांत हा आहे. निकोल्सबाईंनी हे स्वतः अनेकदा सांगितलंय. त्या थांबल्या.

पुढचं मला अलीकडे सलग दिसलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. 1977 मध्ये नासानं निकोल्सबाईंनाच हाताशी धरलं. नव्या अवकाशयानासाठी माणसं हवी होती, आणि स्त्रिया व कृष्णवर्णीय अर्जच करत नव्हते. त्या देशभर फिरल्या, विद्यापीठांतून बोलल्या, जाहिरातीत दिसल्या. 1978 ची 35 जणांची तुकडी निवडली गेली तेव्हा त्यात पहिल्यांदा स्त्रिया होत्या, कृष्णवर्णीय होते, आशियाई वंशाचा एक जण होता. त्या तुकडीतले गायन ब्लूफर्ड 30 ऑगस्ट 1983 ला 'चॅलेंजर'मधून अवकाशात गेले, अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय अंतराळवीर म्हणून. त्या फेरीत चॅलेंजरच्या पोटात मुख्य सामान कोणतं होतं? आपला इन्सॅट-1बी उपग्रह.

आधीचा इन्सॅट-1ए काही महिन्यांतच निकामी झाला होता, त्यामुळे देशाची सगळी भिस्त या दुसऱ्यावर. तो नीट चालला, आणि त्याच्या जोरावर 1984 मध्ये दूरदर्शनची छोटी, लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं अक्षरशः दिवसाला एक या वेगानं उभी राहिली. आमच्याकडे टीव्ही दिसायला लागला तो याच लाटेत. दिल्लीहून निघालेलं चित्र वर त्या उपग्रहापर्यंत जायचं आणि तिथून आमच्या सतरंजीवर उतरायचं. म्हणजे उहुराला बघून नासा जिच्या दारात गेली, त्या बाईनं हाक दिलेल्या भरतीतला माणूस ज्या यानात होता, त्या यानानं सोडलेल्या उपग्रहावरून उहुरा आमच्या घरी आली. ब्लूफर्ड निकोल्सबाईंमुळेच आले असा माझा दावा नाही; त्या काळी हे धागे एकमेकांत किती गुंतलेले होते एवढंच म्हणतेय. खोट्या दरवाजांची, अॅल्युमिनियमच्या भुकटीची ती मालिका खऱ्या अवकाशयुगाच्या इतकी अंगाला लागून चालत होती. नासाच्या पहिल्या चाचणीयानाचं नाव 'एंटरप्राइज' पडलं तेही चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून, 1976 साली.

त्या युगानं किंमतही तशीच घेतली. 28 जानेवारी 1986 ला तोच चॅलेंजर उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटला. 1978 च्या तुकडीतले चार जण त्यात गेले. बातम्यांत तो धुराचा दुभंगलेला माग दाखवला, तेव्हा आमच्या बैठकीत कुणी बोललं नाही. काकांनी फक्त विचारलं, मास्तरीणबाई होत्या ना त्यात?

आपल्या मालिकांबद्दल थोडं. 'स्पेस सिटी सिग्मा'मधला कॅप्टन तारा, 'इंद्रधनुष'मधली संगणक जोडणारी मुलं, आणि नंतर 1998 चा 'कॅप्टन व्योम', मिलिंद सोमण तेव्हा सगळ्यांच्या वहीच्या कव्हरवर. मी हे सगळं मन लावून पाहिलं आणि त्यांच्याबद्दल मला आजही माया आहे. हिंदीतून अंतराळ ऐकणं हेच केवढं होतं. पण लेखन 'स्टार ट्रेक'च्या पासंगाला पुरत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे खलनायक आधीच ठरलेला असायचा. तिकडे खलनायक कोण हे शोधण्यातच भाग संपायचा. अर्थात तिकडेही सगळं चांगलं नव्हतं. तिसऱ्या सत्रातले बरेच भाग आता बघवत नाहीत, बायकांचे कपडे आणि त्यांना दिलेली कामं पाहून कितीदा राग येतो. उत्तर भारतातला, बहुधा शीख, म्हणून ओळख करून दिलेला खान नूनियन सिंग मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंतालबाननं केला. त्यानं केला झकासच, पण भविष्यातल्या त्या यानात आपला माणूस दिसला तो असा, जग जिंकायला निघालेला. ते मला लहानपणीही खटकलं होतं.

आणि आता तो भाग, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. 'द डेव्हिल इन द डार्क', 9 मार्च 1967, लेखक जीन कून.

एका ग्रहाच्या पोटात खाण आहे. तिथलं खनिज अनेक ग्रहांच्या अणुभट्ट्यांना लागतं. खाणकाम एका नव्या पातळीवर खाली गेलं आणि तेव्हापासून बोगद्यांत काहीतरी फिरू लागलं. पन्नासच्या वर कामगार जळून मेलेत. कर्क आणि स्पॉक येतात ते त्या राक्षसाला मारून खाण सुरू करून द्यायला. व्यवस्थापकाच्या टेबलावर एक गोल, गुळगुळीत, जड गोळा ठेवलेला असतो. तसे लाखो आहेत खाली, विकून काही मिळत नाही, असं तो सहज सांगतो. कॅमेरा त्या गोळ्यावर फारसा थांबतही नाही.

मग कर्क बोगद्यात एकटा त्या प्राण्यासमोर सापडतो. होर्टा तिचं नाव. दगडासारखी, सपाट, सरपटणारी; आत यानोस प्रोहास्का हा कसरतपटू ओणवा होऊन चालतोय हे उघड दिसतं, गालिच्याखाली माणूस शिरावा तसं. कर्कच्या हातात शस्त्र आहे, ती जखमी आहे, आणि ती अंगावर येत नाही. थांबते. कर्कही थांबतो. इतका वेळ ठार मारण्याची भाषा करणारा तो, आणि प्राणी दुर्मिळ आहे, अभ्यासायला हवा म्हणणारा स्पॉक. आता स्पॉक दुरून ओरडतो, मारा तिला कॅप्टन, ताबडतोब मारा. मित्राचा जीव धोक्यात दिसल्यावर तर्कशास्त्र्याचा तर्क असा सुटतो. स्पॉक पोचतो, तिच्या अंगाला हात लावून तिच्या मनात शिरतो आणि तिच्या वेदनेनं किंचाळतो. पन्नास हजार वर्षांनी एकदा तिची सगळी जमात मरते, एकटी उरते, आणि ती एकटी पुढच्या पिढीची आई होऊन अंड्यांची राखण करते. टेबलावरचा तो गोळा म्हणजे अंडं. खाणवाल्यांनी हजारो फोडलेत.

हा भाग लागला त्या रविवारी काका गोष्ट सांगताना मध्येच थांबले. खाली अंधारात आवाज आला की पहिली भीती छताची असते, म्हणाले. डोंगर कधी कुणाचं ऐकत नाही. मग म्हणाले, पण आपण त्याच्या पोटात शिरलो, तो आपल्या घरात नाही आला. ते तेवढंच बोलले आणि उठून आत गेले. त्यांची रात्रपाळी होती.

कर्कचं काम करणाऱ्या विल्यम शॅटनरच्या वडिलांच्या निधनाची बातमी याच भागाच्या चित्रीकरणात, सेटवर आली. विमानाला वेळ होता तोवर त्यानं काम थांबवू दिलं नाही. हे कळल्यावर मी तो बोगद्यातला प्रसंग पुन्हा पाहिला. नेमका कोणता तुकडा बातमीनंतरचा, ते मी शोधायला गेले नाही.

त्या भागात नंतर डॉक्टर मॅकॉय होर्टाची जखम काँक्रीटनं बुजवतात, मी डॉक्टर आहे, गवंडी नाही, अशी कुरकुर करत. आणि समझोता होतो. पिल्लं दगड खात बोगदे काढतील, खाणवाले खनिज गोळा करतील, कुणी कुणाला हात लावणार नाही. सगळे खूश.

गेल्या उन्हाळ्यात चंद्रपूरला गेले तेव्हा हा भाग भाचीला दाखवला. ती आता दहावीत आहे. प्रोहास्काची चाल पाहून ती हसेल असं मला वाटलं होतं, पण ती हसली नाही. शेवट झाल्यावर मात्र नाराज दिसली. आमच्याकडे आता या गोष्टीला वेगळा संदर्भ आहे. ताडोबातले वाघ जंगलात मावत नाहीत. दुर्गापूरच्या बाजूला खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर झुडपं माजलीत, तिथं वाघ दिसतात, बिबटे दिसतात. जिल्ह्यात दर वर्षी माणसं मरतात, मोह वेचायला गेलेली, गुरं चारायला गेलेली. तिच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा तसेच गेले. वाघीण बछडी घेऊन फिरत असली की शिकवणीला जायचा रस्ता बदलायचा, हे या मुलांना पाठ आहे.

"मावशी, त्या मेलेल्या पन्नास लोकांच्या घरच्यांना विचारलं का कुणी, समझोता करताना?" ती म्हणाली. विचारलं नाही, मी म्हटलं. पुढचा प्रश्न तयार होता. "आणि होर्टाला तरी काय भेटलं? तिचंच घर, तिचीच पोरं खणणार, अन् माल हे नेणार."

1967 साली पन्नास मिनिटांत एवढं तरी म्हटलं होतं त्यांनी, मी सांगून पाहिलं. निदान मारायला आलेली माणसं शेवटी मारत नाहीत. तिला ते पुरेसं वाटलं नाही. आम्ही दोघी जेवणं होईपर्यंत भांडलो, मधे ताईही पडली, ती खाणवाल्यांच्या बाजूनं. शेवटी भाचीनं तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला, व्यवस्थापकाच्या टेबलावर गोळा आहे तो. कर्क बोलत असताना स्पॉक त्या गोळ्याकडे किती वेळ बघतो ते तिला मोजायचं होतं.